आजोबांचा वस्तरा हातावरची लव काढतो पण गालावर ओढतो, धार कुठं कमी पडायलीय?

गोदाकाठ_परभणी

नमस्कार मंडळी. घरात आजोबांचा जुना वस्तरा निघालाय, निजामाच्या राज्यात असताना त्यांनी हैदराबादहून आणलेला असं घरचे सांगतात, पात्याच्या बुडाशी सोलिंगेन, जर्मनी असं कोरलेलं आहे. रुंदी मोजली तर साधारण १६ मिलिमीटर भरली. वरवरचा गंज होता तो तेल आणि बारीक पॉलिश पेपरनं निघाला, धारेपाशी खड्डे दिसत नाहीत, मूठ काळी आहे, खीळ घट्ट आहे. मला हा शोकेसमधे ठेवायचा नाही, ह्यानंच दाढी करायचीय, आजोबा शेवटपर्यंत ह्यानंच करायचे.

एका बाजूनं १००० आणि दुसऱ्या बाजूनं ६००० नंबरचा (आकडा मोठा तेवढा दाणा बारीक) असा पाण्यावर चालणारा दगड मागवलाय. वस्तरा पूर्ण आडवा झोपवून, पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकवून घासतोय. १००० वर थोडा वेळ, ६००० वर बराच वेळ, अन मग कमरेच्या जुन्या चामडी पट्ट्यावर. हातावरची लव सपासप निघते, पेपर पण कापतो. पण गालावर घेतला की ओढायलाय, हनुवटीखाली तर डोळ्यात पाणी येतंय आणि नंतर तासभर आग होते. शेंड्याकडचा भाग जास्त ओढतो, बुडाकडचा त्यामानानं बरा.

आता १२००० चा दगड घ्यावा का? लई महाग दिसायलाय. का पट्टा बदलावा? इकडं सलूनमधे विचारलं तर सगळे अर्धं ब्लेड टाकायच्या उस्तऱ्यावर गेलेत, धार लावायची जुनी दगडी पथरी कुणाकडंच राहिली नाही. जाणकारांनी सांगावं.

नांदेडचा_दादा

एवढी कटकट कशाला करता, इकडं नांदेडला गुरुद्वाऱ्याजवळ कृपाण-तलवारीची दुकानं आहेत तिथं येताना घेऊन या, नाहीतर तुमच्या गल्लीत सायकलवर चाक फिरवत धारवाला येतच असेल की, दोन मिनिटांत लावून देईल.

जालना_टूलरूम

दादा माफ करा पण हे कृपा करून कुणी करू नका. तलवार, विळा, कात्री, अडकित्ता ह्यांना चाकावरची धार चालते, वस्तऱ्याला नाही. वस्तऱ्याचं पातं दोन्ही अंगांनी पोकळ कोरलेलं असतं, धारेपाशी ते कागदासारखं पातळ झालेलं असतं, अन कोरड्या चाकावर तेवढंसं पोलाद डोळ्याचं पातं लवायच्या आत तापतं. २०० अंशाच्या वर गेलं की पात्याचं पाणी उतरायला लागतं, निळसर डाग दिसला म्हणजे तर तिथलं पोलाद मऊच झालं, मग जगातला कुठलाही दगड आणा तिथं धार टिकणार नाही. जुनी चांगली पाती अशीच गेलीत आणि बघून वाईट वाटतं, म्हणून आधी हेच लिहिलं.

आता परभणीकर भाऊ तुमचं. १२००० अजिबात घेऊ नका, पैसे जातील आणि ओढणं तसंच राहील. तुमचं काम १००० वरच अर्धं राहिलंय. मी टूलरूममधे आहे, रीमर आणि फॉर्म टूलच्या धारा भिंगातून बघण्यात दिवस जातो, त्यामुळं एवढं ठामपणे सांगतो.

धार म्हणजे वेगळी काही वस्तू नसते, दोन उतार जिथं एकमेकांना मिळतात ती रेघ म्हणजे धार. त्या उताराला आम्ही बेव्हल म्हणतो. वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या वस्तऱ्याची ती रेघ गोल झालेली असते, गंजानं खाल्लेली असते. १००० चं काम एकच, दोन्ही बाजूंनी पोलाद एवढं घालवायचं की दोन उतार बुडापासून शेंड्यापर्यंत एकाच रेघेत मिळाले पाहिजेत, मधे केसाएवढी पण सपाटी राहता कामा नये. ते झालं नसेल तर ६००० वर तुम्ही तासभर घासलं तरी नुसते उतार चमकतात, रेघ तशीच बोथट राहते. नांगरट झाली नसताना पाळ्या घालत बसल्यासारखं आहे ते.

हातावरची लव काढली म्हणून फसू नका, लव बारीक असते, ती १००० वरून उतरलेलं नीट पातं पण काढतं. दाढीचा खुंट जाड आणि चिवट. तेव्हा लवेची परीक्षा ६००० नंतर घ्यायचीच नाही, १००० नंतर लगेच घ्यायची आणि तीसुद्धा एका जागेची नाही, बूड, मध्य, शेंडा तिन्हीची वेगवेगळी. तिन्ही जागी सारखी लव निघाली तर पुढं जायचं, नाहीतर तिथंच थांबायचं.

अजून एक बघा. रात्री खोलीतला एकच बल्ब चालू ठेवा आणि वस्तरा धार वर करून बल्बखाली धरा, सरळ धारेच्या रेघेवर वरून बघा, हळूहळू मागंपुढं कलवा. जिथं धार पूर्ण झाली नाही तिथं पांढरा चमकता ठिपका किंवा बारीक रेघ दिसेल, कारण बोथट जागेला रुंदी असते आणि रुंदी उजेड परतवते. पुरी झालेली धार वरून काळी दिसते, काहीच चमकत नाही. तुमच्या शेंड्याकडं नक्की चमकणार.

शेंड्याला दगड का लागत नाही त्याची दोन कारणं असू शकतात. एक, तुमचा दगडच सपाट नाही. नवा दगड पण क्वचितच पूर्ण सपाट येतो, अन वापरून तर मधे खोलगट होतोच. दगडावर पेन्सिलनं आडव्या-उभ्या रेघा मारा, जाड काचेवर २२० किंवा ४०० चा वॉटर पेपर ठेवा, पाणी ओता आणि दगड उलटा करून सगळ्या रेघा जाईपर्यंत घासा. मधल्या रेघा राहिल्या म्हणजे मधे खड्डा होता. दोन्ही बाजू करा. दुसरं कारण, जुन्या वस्तऱ्याची धार सरळ नसते, किंचित बाक असतो, मग सरळ रेषेत ओढलं तर मधलाच भाग लागतो. त्यासाठी तिरकं ओढायचं, सुरुवातीला बूड दगडावर आणि शेवटाला शेंडा दगडावर असं. धार पुढं ठेवून ढकलायचं, जणू दगडाचा पापुद्रा काढायचाय, टोकाला गेलं की पाठीवरून पलटायचं, धारेवरून कधीच नाही. बेव्हलवर काळ्या परमनंट मार्करनं रेघ ओढा, चार-पाच हात मारा आणि बघा शाई कुठली गेली, कुठली राहिली. कुठं लागत नाही ते शाईच सांगते, अंदाज लावत बसायची गरज नाही.

कोनाचं टेन्शन घेऊ नका, ते वस्तरा बनवणाऱ्यानंच सोडवून ठेवलंय. पाठीची जाडी आणि पात्याची रुंदी ह्यावरून कोन ठरतो. तुमच्या १६ मिलिमीटरच्या पात्याला पाठ साडेचार मिलिमीटरच्या आसपास असेल तर कोन १६ अंश येतो. धार झिजते तशी पाठ पण झिजते, म्हणून कोन जवळपास तोच राहतो. फक्त पाठ कधी उचलू नका. आजोबांच्या पात्याची पाठ घासायला जीव होत नसेल तर पाठीवर इलेक्ट्रिकची चिकटपट्टी एक थर लावा, कोन थोडा वाढतो पण चालतं, मात्र मग शेवटच्या दगडापर्यंत लावलेलीच ठेवा, मधेच काढली तर धारेला दगड लागणार नाही.

१००० वर सुरुवातीला हलका दाब चालतो, एका बोटाचा. शेवटी शेवटी फक्त वस्तऱ्याचं वजन. ६००० वर तर दाब नकोच.

गोदाकाठ_परभणी

सर एवढं सविस्तर लिहिलंत, मनापासून आभार. बल्बखाली धरून बघितलं, शेंड्यापासून बोटभर भागात चमचम दिसायलीय, बाकी काळं आहे. दगडावर रेघा मारल्या तर कडेच्या गेल्या आणि मधल्या तशाच. रविवारी सगळं पहिल्यापासून करतो. पण एक शंका, १००० व्यवस्थित झालं तरी ६००० वर थांबलं तर चालतं का?

जालना_टूलरूम

चालतं पण थोडं खरखरीत राहतं, नाजूक कातडीवाल्याला ८००० च्या खाली बरं वाटत नाही. स्वस्तातला मार्ग म्हणजे लॅपिंग फिल्म, म्हणजे अगदी बारीक दाणा बसवलेली प्लास्टिकची शीट, १ मायक्रॉनची मिळते, जाड काचेवर पाणी मारून चिकटवायची आणि त्यावर अगदी हलके हात. नाहीतर कॅनव्हासच्या पट्टीवर क्रोमियम ऑक्साईडची हिरवी पेस्ट, अर्ध्या मायक्रॉनची, नखभर चोळून दहा-पंधरा फेऱ्या. दोन्हीपैकी एक करा, दोन्ही नको. अन पेस्ट लावलेली पट्टी वेगळी ठेवा, चामड्याला ती लागू देऊ नका.

धोकटी_औसा

मी वारिकाच्या, म्हणजे न्हाव्याच्या घरचा, आजा आणि बाप दोघं गावकीत दाढ्या करायचे, वर्षाच्या बलुत्यावर. मला स्वतःला दुकान आहे, दुकानात आता ब्लेडच वापरतो कारण एकाचं रक्त दुसऱ्याला लागू नये, कावीळ ब आणि एड्सच्या भीतीनं ते बदललं आणि ते बरोबरच झालं, त्यामुळं परभणीकर दादा तुम्ही पण तुमचा वस्तरा घरात दुसऱ्या कुणाला देऊ नका. पण माझी स्वतःची दाढी मी बापाच्या वस्तऱ्यानंच करतो.

जालन्याच्या सरांचं दगडाचं सगळं पटलं, पण एक बोलू का, तुम्ही लोक दगडावर लई अडकता. आमच्या आज्याच्या धोकटीत, म्हणजे हत्यारांच्या पिशवीत, दोन वस्तरे, एक बोटभर लांबीची पथरी, पट्टा, वाटी, कुंचला, आरसा आणि तुरटी, एवढंच. ना १००० ना ८०००. पथरीवर साबणाचा फेस लावून महिन्या-दोन महिन्यानं चार हात मारायचा आणि रोज पट्ट्यावर परजायचा, शेवटी तळहातावर. सकाळपासून माणसं बसलेली असायची, बाजाराच्या दिवशी तर रांग, आणि वस्तरा कुणाला ओढायचा नाही. कारण धार जाऊच द्यायची नाही ही पद्धत होती. गेलेली धार आणायला दगड लागतो, असलेली राखायला पट्टा.

म्हणून तुमचा तो कमरेचा पट्टा आधी बाजूला ठेवा. आजकालच्या कमरपट्ट्याला वरून प्लास्टिकचा लेप असतो, आतून पुठ्ठा असतो, मधे टाके असतात, टाक्यावरून धार गेली की दाते पडतात. चामडं सालीनं कमावलेलं पाहिजे. कोल्हापुरी चपलेला लागतं ना, बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेलं, तसलं. चपला शिवणाऱ्याकडं जाऊन सांगा की बिनरंगाचा, बिनपॉलिशचा, डाग नसलेला तुकडा पाहिजे, तीन इंच रुंद, दीड-दोन फूट लांब. तीन इंच म्हणजे पातं पूर्ण मावतं, तिरकं ओढायची गरज पडत नाही. त्याच्याबरोबर तेवढीच जाड सुती कॅनव्हासची पट्टी.

परजताना उलट. दगडावर धार पुढं, पट्ट्यावर पाठ पुढं अन धार मागं. पट्टा ताणून धरा, झोळ पडला की धार गोल होते, आणि नवशिक्याची धार जाते ती इथंच. पातं झोपलेलं, पाठ पट्ट्याला चिकटलेली, शेवटाला पाठीवर लोळवून पलटायचं. आधी पाठ पलटली पाहिजे मग ओढ सुरू, दोन्ही एकदम केलं की पट्टा कापला म्हणून समजा. पहिले पंधरा दिवस सावकाश. कॅनव्हासवर २० ते २५ फेऱ्या, चामड्यावर ५० ते ६०. वेग नंतर आपोआप येतो, पिक्चरमधल्यासारखं फटाफट करायला जाऊ नका. जोर लावायचा नाही पण पट्ट्याची ओढ हाताला जाणवली पाहिजे, चांगलं चामडं पात्याला किंचित धरून ठेवतं. अन आवाज ऐका. दोन्ही बाजूंनी सारखा आवाज यायला हवा. एका बाजूनं सर्र आणि दुसऱ्या बाजूनं खर्र येत असेल तर मनगट कुठंतरी उचलतंय.

जालना_टूलरूम

औसेकर दादांशी एकदम सहमत, आणि ह्यात माझ्या म्हणण्याच्या विरोधात काही नाही. तुमच्या आज्याच्या वस्तऱ्याचं बेव्हल रोजच्या कामात कधी बिघडलंच नाही म्हणून पथरीवर चार हात पुरायचे. परभणीकरांचा कित्येक वर्षं पेटीत पडून होता, त्याला एकदा १००० पासून यावंच लागेल. एकदा आणलं की पुढं ते पण तुमच्याच पद्धतीनं राखतील, दगड वर्षातून एखाद-दोन वेळा काढायचा. त्या जुन्या पथऱ्या कुणाकडं असतील तर फेकू मात्र नका, बहुतेक बारीक दाण्याच्या असतात, शेवटच्या हाताला एकदम झकास.

बालाघाट_बीड

सगळे धारेवरच बोलायलेत, पाण्याचं कुणी काढलंच नाही. परभणीकर, पाणी कुठलं वापरता? बोअरचं असेल तर निम्मं ओढणं तिथं आहे असं माझं स्पष्ट मत आहे. आपल्याकडं काळ्या पाषाणातलं पाणी, कॅल्शियम-मॅग्नेशियम भरपूर, त्याच्यात साबण फेस धरत नाही, क्षारांशी मिळून पांढरा चिकट गाळ होतो आणि तो कुंचल्यात आणि गालावर बसतो. फेस वरून दिसतो पण आत पाणीच नसतं, वस्तरा गेला की कोरडा घासतो. आमच्याकडं उन्हाळ्यात टँकर सुरू झाला की बोअरच्या तळाचं पाणी येतं तेव्हा तर फेस दोन मिनिटांत विरून जातो.

दाढीपुरतं जारचं फिल्टरचं पाणी घ्या, वाटीभर तर लागतं. जार नसेल तर पाणी चांगलं उकळून गार करा, भांड्याच्या तळाला पांढरं बसतं ते खाली राहू द्या आणि वरचं ओता, सगळे क्षार जात नाहीत पण फरक पडतो. कुंचला भिजवून साबणावर फिरवा, मग थोडं थोडं पाणी घालत वाटीत घोटा, दह्यासारखा घट्ट पण चमकदार फेस व्हायला पाहिजे, बुडबुडे मोठे दिसले तर हवा जास्त झाली, अजून घोटा. त्याच्याआधी गरम पाण्यात पिळलेला टॉवेल दोन-तीन मिनिटं दाढीवर. केसानं पाणी पिलं की तो कापायला कितीतरी मऊ होतो, कोरड्या दाढीवर चांगली धार पण ओढतेच.

दगडाला पण तेच. ६००० वर असलं क्षारांचं पाणी वापरून ते दगडातच वाळलं तर वर पांढरी खपली धरते, ती पुढच्या वेळी धारेला टोचते. दगड धुताना शेवटी फिल्टरचं पाणी ओता.

गोदाकाठ_परभणी

मंडळी, अपडेट द्यायला आलोय. दगड सपाट केला, मार्कर लावून १००० वर शेंड्यापर्यंत शाई जाईस्तोवर घासलं, बल्बखाली सगळी रेघ काळी झाल्यावरच ६००० वर गेलो, मग फिल्म. चामड्याचा पट्टा औसेकर दादांनी सांगितला तसाच करून घेतला. गालावर आता आवाज पण येत नाही, फेस उचलला जातो आणि खाली कातडी गुळगुळीत, विश्वास बसत नाही. आईनं बघितलं तर म्हणाली बाबांची दाढी अशीच व्हायची. लई आनंद झाला, तुम्हा सगळ्यांचे उपकार आहेत.

फक्त गळ्याला अजून थोडं लाल होतंय, जबड्याच्या खाली. तिथं काय करावं?

धोकटी_औसा

वाचून फार बरं वाटलं दादा. गळ्याचं धारेमुळं नाही, केसाच्या दिशेमुळं आहे. गळ्यावरचे केस सगळ्यांचे सरळ खाली नसतात, कुणाचे वर जातात, कुणाचे कानाकडं, कुणाला भोवरा असतो. दोन दिवस दाढी वाढू द्या आणि बोट फिरवून बघा, ज्या बाजूनं मऊ लागतं ती सुलटी दिशा. पहिला हात सगळीकडं सुलटाच. दुसरा हात घ्यायचा तर आडवा घ्या, पुन्हा फेस लावून. उलटा हात गळ्यावर घेऊच नका, निदान वर्षभर तरी, केस कातडीच्या खाली कापला जातो आणि मग आतल्या आत वळतो, पुटकुळ्या येतात.

आणि कातडी ताणा. डोकं मागं टाकून डाव्या हाताच्या बोटांनी कातडी खाली ओढून धरा, फेसानं बोट सटकत असेल तर बोटाला तुरटी चोळा, पकड येते. वस्तरा गालावर पूर्ण झोपवायचा नाही आणि उभा पण नाही, पाठ कातडीपासून तिच्याच दोन जाडीएवढी वर, साधारण ३० अंश. लहान लहान हात. वस्तऱ्याला रस्ता दाखवायचा फक्त, दाबायचं नाही.

गोदाकाठ_परभणी

समजलं दादा, उद्यापासून तसंच करतो. शेवटचं विचारतो, आता पावसाळा तोंडावर आलाय, ठेवायचा कसा? पेटीत असताना मुठीच्या आत झाकलेल्या भागावरच जास्त गंज धरला होता, बाहेरच्या बुडाला काहीच नव्हतं, हे कसं काय?

जालना_टूलरूम

हे तुम्ही आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, ही महत्त्वाची खूण आहे. मुठीचा मधला भाग अंगठ्यानं जोरजोरात चोळा, गरम झाला की वास घ्या. कापरासारखा वास आला तर मूठ सेल्युलॉईडची आहे. त्या काळातल्या बऱ्याच वस्तऱ्यांना तीच असायची. सेल्युलॉईड जुनं झालं की आतून सडायला लागतं, त्यातून आम्लाची वाफ निघते आणि मुठीत मिटलेलं पातं नेमकं तेवढ्याच भागात गंजतं. मूठ चिकट लागत असेल, बारीक तडे दिसत असतील किंवा आंबूस वास येत असेल तर सरळ बदलून घ्या, शिंगाची किंवा शिसवाची करून मिळते, खिळा काळजीपूर्वक काढला तर पात्याला धक्का लागत नाही. जुनी मूठ आठवण म्हणून ठेवायची तर वस्तऱ्यापासून लांब ठेवा, आणि देवघरात दिव्याशेजारी तर मुळीच नको, सेल्युलॉईड भसकन पेट घेतं.

बाकी पावसाळ्यात एवढंच, दाढी झाली की पातं कोमट पाण्यात धुवून मऊ कापडानं पुसा, खिळ्याच्या सांध्यात पाणी राहतं तिथं कापडाचं टोक घालून कोरडं करा, पट्ट्यावर आठ-दहा फेऱ्या मारा म्हणजे धारेवरचं पाणी पण जातं, मग शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब बोटानं दोन्ही बाजूंना. बाथरूममधे ठेवू नका, प्लास्टिकच्या बंद डबीत पण नको, कपाटात हवा लागेल असा उघडा ठेवा. वास कसला येतो ते आज रात्रीच बघून इथं लिहा.

गोदाकाठ_परभणी

आत्ताच चोळून बघितलं सर. कापराचाच वास आहे. तडे नाहीत पण खिळ्यापाशी थोडं चिकट लागतंय. परभणीत किंवा संभाजीनगरला शिंगाची मूठ करून देणारं कुणी माहीत असेल तर सांगा, तोपर्यंत पातं उघडं काढून कापडावर ठेवलंय.

धोकटी_औसा

माझ्याकडं बापाच्या धोकटीतला दुसरा वस्तरा आहे, पातं मोडलंय पण शिंगाची मूठ साबूत आहे. मेसेज करतो, माप जुळलं तर घेऊन जा.